कुरळ्या केसांची बाराही महिने निगा

घरात लग्न ठरले की दागिन्यांच्या, पातळांच्या आणि आहेराच्या याद्या होतात. अलीकडे या याद्यांत आणखी एक बाब नकळत येऊन बसली आहे. नवरीचे, करवल्यांचे, क्वचित नवरीच्या आईचेही केस कुरळे असतील, तर ते कार्यापूर्वी सरळ करून घ्यावयाचे! तीन वर्षांपूर्वी माझ्या भाचीने हेच केले. ती मूळची रत्नागिरीची. शिक्षणासाठी जयपूरला राहत होती. कोकणात असताना तिचे केस लहानपणापासून कुरळे, पण मऊ असत. जयपूरला गेल्यावर सहा महिन्यांतच ते राठ झाले, फुलू लागले, फणीत तुटू लागले. वसतिगृहातील मैत्रिणी थट्टा करीत. चुलतबहिणीचे लग्न जवळ आले तेव्हा तिने शहरातील एका सौंदर्यगृहात जाऊन केस सरळ करून घेतले.

"मावशी, औषध लावलं तेव्हा डोळे चुरचुरत होते, घसा जळत होता, पण ती बाई म्हणाली, थोडं सोसावं लागतंच," असे तिने मला नंतर सांगितले. लग्नातील छायाचित्रे उत्तम आली. पण तीन-चार महिन्यांत मुळांशी पुन्हा कुरळे केस उगवले, आणि जुने सरळ केस व नवे कुरळे केस जेथे मिळतात तेथून ते तुटू लागले. सौंदर्यगृहात त्यावर उपाय एकच मिळाला: पुन्हा सरळ करून घ्या! सुट्टीत ती घरी आली तेव्हा माझ्या आईने तिच्या डोक्यावरून हात फिरविला आणि एवढेच विचारले, "अगं, केसांना वळण होतं, त्यात तुझं काय बिघडलं होतं?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणापाशीच नव्हते. ते शोधता शोधता जे वाचले, जाणत्यांकडून समजले आणि भाचीच्या केसांवर वर्षभर करून पाहिले, ते येथे सांगण्याचे योजिले आहे.

केस कुरळे का होतात?

केस कुरळे होणे हा रोग नव्हे, निष्काळजीपणाही नव्हे. टाळूच्या कातडीत केसाचे मूळ ज्या सूक्ष्म पिशवीत असते, तिच्या घडणीवर केसाचे रूप ठरते. ही पिशवी सरळ उभी असली की केस सरळ येतो व त्याचा छेद बहुधा वाटोळा असतो. ती वाकलेली असली की केस वळत वळत बाहेर पडतो आणि त्याचा छेद लंबवर्तुळाकार असतो. ही घडण आपल्याला आईबापांकडून मिळते. केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्या प्रथिनाच्या धाग्यांना गंधकाचे पक्के बंध बांधून ठेवतात आणि त्यांच्या जोडीला पाण्याने सुटणारे, वाळल्यावर पुन्हा जुळणारे दुबळे बंधही असतात. म्हणूनच भिजलेला केस लांब व सरळ दिसतो आणि वाळला की पुन्हा आखडून वळतो.

या घडणीतूनच कुरळ्या केसांच्या बहुतेक अडचणी निर्माण होतात. टाळूतून निसर्गतः जो स्निग्ध पदार्थ स्रवतो, तो सरळ केसांवरून सहज टोकापर्यंत घरंगळतो. कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर तो अडतो. परिणाम असा, की मुळाशी तेलकटपणा आणि टोकाशी रखरख अशी दुहेरी स्थिती होते. शिवाय प्रत्येक वळण ही केसाची नाजूक जागा असते. ओढाताण झाली की केस तेथेच तुटतो. थोडक्यात, कुरळे केस हे तहानलेले व हळवे केस होत. त्यांना शिक्षेची नव्हे, ओलाव्याची आणि हलक्या हाताची गरज असते. ही एक गोष्ट मनात धरली की पुढील सर्व निगा आपोआप उमगते.

आपल्या परंपरेला या केसांचे वावडे कधीच नव्हते. संस्कृतात कुरळ्या बटांसाठी 'अलक' हा स्वतंत्र शब्द आहे. बुद्धमूर्तींच्या मस्तकावर उजवीकडे वळलेली शंखासारखी लहान लहान वेटोळी शिल्पकारांनी शतकानुशतके कोरली; ते महापुरुषाचे एक लक्षण मानले गेले. गुजरातेत गीरच्या परिसरात व कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणारे सिद्दी बांधव, केरळचा किनारा, कोकण, गोवा, बंगाल. कोठेही पाहा, लाटांपासून घट्ट वेटोळ्यांपर्यंत केसांची सर्व रूपे या देशात सुखाने नांदत आहेत. सरळ केस तेवढे नीटनेटके, ही समजूत जाहिरातींनी दृढ केली आहे.

सरळपणाची किंमत

केस कायमचे सरळ करावयाचे म्हणजे गंधकाचे ते पक्के बंध रसायनाने तोडावयाचे, किंवा प्रथिनावर दुसरे रसायन चढवून त्यास उष्णतेने दाबून बसवावयाचे. 'केरॅटिन ट्रीटमेंट' या गोड नावाखाली वापरल्या जाणाऱ्या काही मिश्रणांत फॉर्माल्डिहाइड हा वायू असतो किंवा तापविल्यावर तो बाहेर पडतो. माझ्या भाचीचे डोळे चुरचुरले, घसा जळला, ती याच वायूची ओळखीची लक्षणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसास कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले. ग्राहक स्त्री तेथे दोन-तीन तास बसते. सौंदर्यगृहात काम करणाऱ्या मुली मात्र रोज त्याच हवेत श्वास घेतात, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेत ३५ ते ७४ वर्षे वयाच्या ३३,००० हून अधिक स्त्रियांची सुमारे अकरा वर्षे नोंद ठेवून केलेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. केस सरळ करण्याची रसायने कधीही न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण शेकडा १.६४ इतके अंदाजले गेले. आदल्या वर्षात चारपेक्षा अधिक वेळा ती वापरणाऱ्यांत ते शेकडा ४.०५ होते. हा संबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे, आणि एकदा केस सरळ केलेल्या मुलीने घाबरून जाण्याचेही कारण नाही. परंतु दर तीन महिन्यांनी तेच करण्यापूर्वी थांबून विचार करण्यास हा आकडा पुरेसा आहे.

फॉर्माल्डिहाइडच्या जागी पुष्कळ ठिकाणी ग्लायऑक्सिलिक आम्ल आले. २०२४ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ट्युनिसियातील एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिगत प्रसिद्ध झाली. तीन निरनिराळ्या वर्षी केस सरळ करून घेतल्यावर तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. डॉक्टरांनी तेच मिश्रण उंदरांच्या कातडीस लावून पाहिले, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांत ऑक्झलेटचे स्फटिक आढळले. टाळूवर लावलेले टाळूवरच राहते, हा आपला समज किती भाबडा आहे, हे यावरून दिसते.

आणि एवढे करून मिळते काय? केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. नवे केस मूळच्या वळणानेच उगवतात. तीस सेंटिमीटर लांबीचे केस पूर्ववत होण्यास दोन वर्षे लागतात. माझ्या भाचीने ती दोन वर्षे मोजून काढली आहेत.

शिकेकाईपासून शाम्पूपर्यंत

'शाम्पू' हा शब्द मूळचा आपल्याच देशातला आहे. डोके चेपणे, रगडणे या अर्थाच्या हिंदी शब्दावरून तो इंग्रजीत गेला. पाटण्यास १७५९ साली जन्मलेले शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे स्नानगृह काढून मालिशाची ही कला तिकडे लोकप्रिय केली. तेथील राजांच्या पदरीही त्यांना या कामासाठी मान मिळाला. पुढे शब्दाचा अर्थ पालटला आणि तो बाटलीत बसून आपल्याकडे परत आला!

बाजारातील पुष्कळशा शाम्पूंत सल्फेट वर्गातील तीव्र फेसाळ द्रव्ये असतात. ती मळ काढतात, तसेच कुरळ्या केसांत आधीच अपुरा असलेला स्निग्धपणाही धुऊन नेतात. भरपूर फेस म्हणजे भरपूर स्वच्छता, हा समज प्रथम सोडावयास हवा.

शिकेकाई व रिठा यांत सॅपोनिन नावाची निसर्गसिद्ध फेसाळ द्रव्ये असतात. साबणाचा जड पाण्याशी संयोग झाला की चिकट पांढरा थर केसांवर बसतो, तसा यांचा बसत नाही. शिकेकाई ही आपल्या जंगलांत वाढणारी काटेरी वेल; तिच्या शेंगा वनवासी कुटुंबे गोळा करतात. केंद्र सरकारने २०१३-१४ मध्ये वनोपजांसाठी किमान आधारभूत किमतीची योजना सुरू केली. पुढे तिच्या यादीत वाळलेल्या शिकेकाई शेंगा व रिठेही घेण्यात आले. आपण मूठभर शिकेकाई विकत घेतो तेव्हा त्यातील काही पैसा जंगलाच्या कडेला राहणाऱ्या घरापर्यंत पोहोचू शकतो, हाही एक लाभच म्हणावयाचा.

मात्र कुरळ्या केसांसाठी शिकेकाईची पूड वापरू नये. तिचे कण वळणांत अडकतात, ते काढताना केस तुटतात आणि पूड डोळ्यांत गेली तर आग होते. त्याऐवजी काढा करावा. आठ-दहा शेंगा, चार-पाच रिठ्यांची बी काढलेली टरफले व थोडी आवळकाठी रात्री दीड लिटर पाण्यात भिजत घालावी. सकाळी मंद आचेवर पंधरा मिनिटे उकळून, निवल्यावर कुस्करून, पातळ फडक्यातून दोनदा गाळावे. हा काढा फक्त टाळूला चोळावयाचा. खाली ओघळेल तेवढा केसांना पुरतो. चोथा तुळशीच्या किंवा गुलाबाच्या कुंडीत टाकावा. काढा दोन दिवसांत संपवावा, कारण घरगुती पदार्थात तो टिकविणारे द्रव्य नसते.

निरनिराळ्या प्रांतांतील स्त्रियांनी हीच गरज आपापल्या अंगणातील वस्तूंनी भागविली आहे. केरळात जास्वंदीची पाने वाटून बुळबुळीत 'ताळी' करतात. तिने केस धुतलेही जातात आणि गुंताही सुटतो. मणिपुरात तांदळाच्या धुवणात सुगंधी पाने उकळून 'चेंघी' बनवितात. तमिळनाडूत शुक्रवारी तिळाचे तेल चोळून न्हाण्याची चाल आहे. कोकणात व गोव्यात नारळाचे तेल आहेच. या नारळतेलाची परीक्षा मुंबईतच झाली. आरती रेले व आर. बी. मोहिले या संशोधकांनी २००३ साली नारळाचे, सूर्यफुलाचे व खनिज अशी तीन तेले तपासली. केस धुताना त्यांतील प्रथिने वाहून जाण्याचे प्रमाण तिघांपैकी केवळ नारळतेलाने कमी होते, असे त्यांना आढळले. नारळतेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ असल्यामुळे तो केसाच्या आत शिरतो, बाकीची तेले वरच राहतात, असे त्यांनी त्याचे स्पष्टीकरण दिले.

न्हाण्याची रीत

माझ्या आईने नातीला जी रीत घालून दिली ती अशी. न्हाण्यापूर्वी तासभर दोन चमचे नारळतेल केसांच्या मधल्या भागापासून टोकापर्यंत लावावयाचे. मग कोमट पाण्याने डोके भिजवून शिकेकाईचा काढा टाळूस बोटांच्या पेरांनी चोळावयाचा, नखांनी नव्हे. धुऊन झाले की वाटलेल्या जास्वंदीच्या पानांचा गाळलेला रस किंवा कोरफडीचा गर केसांना लावून, केस ओले व बुळबुळीत असतानाच रुंद दातांच्या लाकडी फणीने विंचरावयाचे. विंचरणे टोकाकडून सुरू करून हळूहळू मुळाकडे जावे. कोरडे कुरळे केस विंचरणे म्हणजे वळणही मोडणे आणि केसही मोडणे.

केस टिपण्यास जाड, खरखरीत टॉवेल नको. जुन्या मऊ धोतराचा पंचा घ्यावा आणि केस न चोळता मुठीत दाबून पाणी टिपावे. पंचा तीच गोष्ट फुकट करतो, म्हणून निराळे विकत वस्त्र लागत नाही. नंतर जवसाचे लुकण लावावे. दोन मोठे चमचे जवस दोन पेले पाण्यात आठ-दहा मिनिटे उकळले की अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे दाट पाणी होते. ते गरम असतानाच गाळावे, कारण निवल्यावर गाळता येत नाही. शीतकपाटात हे लुकण आठवडाभर टिकते. ओल्या केसांना थोडेसे लावून केस तळहातात धरून वर दाबले की वळणे आपापल्या जागी बसतात. मग वाळेपर्यंत त्यांना हात लावू नये.

रात्री निजताना केसांची सैल वेणी घालावी. सुती अभ्रा केसांतील ओलावा शोषतो आणि घर्षणाने केस विस्कटतो. म्हणून फाटलेल्या रेशमी पातळाचा अभ्रा शिवून घ्यावा. आईच्या ट्रंकेतील एका जीर्ण पातळाचे माझ्या भाचीसाठी असे दोन अभ्रे झाले.

ऋतूप्रमाणे फरक

एकच रीत बाराही महिने आणि सर्व प्रांतांत चालत नाही. आपापल्या गावचे आभाळ पाहून तीत फरक करावा.

उन्हाळ्यात प्रखर ऊन केसांतील रंगद्रव्य व प्रथिने यांची हानी करते. दिल्ली, जयपूर, नागपूर अशा कोरड्या उष्ण्याच्या गावी बाहेर पडताना सुती ओढणीने किंवा पदराने डोके झाकावे. घाम आला म्हणून रोज शाम्पू लावू नये. नुसत्या साध्या पाण्याने टाळू धुतली तरी घामाचे क्षार निघून जातात. पोहण्याच्या तलावात उतरण्यापूर्वी केस साध्या पाण्याने भिजवून थोडे तेल लावावे. आधीच भिजलेला केस तलावातील क्लोरीनचे पाणी कमी शोषतो.

पावसाळा हा कुरळ्या केसांचा कसोटीचा काळ. हवेतील बाष्प केसांत शिरते, ते दुबळे बंध सुटतात व वेडेवाकडे पुन्हा जुळतात, आणि केस फुलून येतात. या दिवसांत ग्लिसरीन असलेली प्रसाधने टाळावीत, कारण ग्लिसरीन हवेतील पाणी ओढून घेते. जवसाचे लुकण किंचित दाट वापरावे. ओले केस बांधून ठेवू नयेत. मुळे दमट राहिली की खाज व कोंडा वाढतो. कोंडा असेल तर टाळूवर तेल थापून ठेवू नये. कोंड्याशी संबंधित सूक्ष्म बुरशी त्या स्निग्धतेवरच पोसते. अशा वेळी तेल फक्त टोकांना लावावे आणि कोंडा हटत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञास दाखवावे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. तेथील भगिनींनी हीच काळजी त्या महिन्यांत घ्यावी.

पावसाळ्याची एक देणगीही आहे. पहिल्या एक-दोन सरींनी छप्पर धुऊन निघाल्यावर स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे पाणी मृदू असते आणि केस धुण्यास उत्तम. जयपूरला माझ्या भाचीचे केस का बिघडले याचे एक कारण येथेच सापडले. तिच्या वसतिगृहात कूपनलिकेचे जड पाणी होते. त्यातील चुना व मॅग्नेशियमचे क्षार केसांवर साचत होते. दोष तिच्या केसांचा नव्हता, पाण्याचा होता! अशा गावी शेवटचा तांब्याभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घालून तो केसांवरून ओतावा व मग थोड्या साध्या पाण्याने डोके धुवावे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून वाया जाणारे पाणी फरशी पुसण्यास जरूर वापरावे. केसांना मात्र लावू नये, कारण त्यात क्षार अधिकच साठलेले असतात.

शरदाच्या अखेरीस दिवाळी येते आणि तिच्याबरोबर अभ्यंगस्नान. पुढे थंडी व कोरडी हवा येणार, तिच्या तोंडावरच तेल लावून न्हाण्याची ही चाल केसांच्या दृष्टीने अगदी वेळेवर आहे. हिवाळ्यात न्हाणे आठवड्यातून एकदा पुरे. कढत पाण्याचा मोह आवरावा. सुमारे २४ अंशांखाली नारळतेल थिजते. बाटली कोमट पाण्यात ठेवली की ते पातळ होते, विस्तवावर ठेवण्याची गरज नाही. लोकरीच्या टोपीच्या आत जुन्या रेशमाचे किंवा तलम कापडाचे अस्तर लावावे, म्हणजे केस घासले जात नाहीत. उत्तरेकडील कोरड्या थंडीतही ग्लिसरीन नकोच: हवेत बाष्प नसले की ते केसातलेच पाणी ओढते.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे

घरगुती उपायांविषयी आंधळी भक्तीही बरी नव्हे. खाण्याचा सोडा केसांना लावण्याचा सल्ला पुष्कळ जणी देतात. केसांची प्रकृती किंचित आम्ल असते. सोडा अल्क असल्याने केसावरील खवले उघडतात आणि केस आणखी राठ होतो. मुलतानी माती तेलकट टाळूस मानवते, पण कुरळ्या केसांच्या टोकांना कोरडे करते. शुद्ध मेंदी तांबूस रंगच देते. 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीत बहुधा पॅराफेनिलीनडायअमाइन हे रसायन मिसळलेले असते आणि त्याने काहींच्या टाळूस तीव्र सूज येते. कोणताही नवा पदार्थ प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून दोन दिवस वाट पाहावी.

मुळातून बाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याचे रक्षण करता येते, पोषण करता येत नाही. पोषण व्हावयाचे ते ताटातून. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लोहाची उणीव असली की केसही गळू शकतात. तेव्हा महागड्या तेलाआधी डाळी, पालेभाज्या, तीळ, अंडी यांकडे पाहावे आणि केस फार गळत असल्यास रक्ताची तपासणी करून घ्यावी. बाळंतपणानंतर काही महिने केस गळणे स्वाभाविक असते. तेवढ्याने घाबरून जाऊ नये.

निसर्गाचाही विचार

आपल्या न्हाणीघरातून वाहून गेलेले सर्व काही शेवटी ओढ्यात, नदीत जाते. केस गुळगुळीत करणाऱ्या काही प्रसाधनांतील चक्रीय सिलिकोन पाण्यात सहज विघटित होत नाहीत; युरोपीय संघाने २०२० पासून धुऊन टाकावयाच्या प्रसाधनांत त्यांपैकी दोहोंवर कडक मर्यादा घातली. रुपया-दोन रुपयांच्या पुड्या स्वस्त वाटतात. पण त्यांचे वेष्टन निरनिराळ्या थरांचे असल्याने ते भंगारवालाही घेत नाही आणि गटारात जाऊन पाणी अडविते. शाम्पू घ्यावयाचाच असेल तर सौम्य, सल्फेटविरहित, मोठ्या बाटलीतला किंवा वडीच्या रूपातला घ्यावा, आणि मैत्रिणींनी वाटून घेतल्यास तो परवडतोही.

कुरळ्या केसांच्या बाबतीत सुदैवाने केसांचे हित आणि नदीचे हित एकच आहे. त्यांना कमी धुवावे लागते, कमी रसायन लागते, यंत्राची उष्णता मुळीच लागत नाही. आठवड्यातून चारऐवजी दोनदा डोक्यावरून न्हाणे झाले तर दोन बादल्या पाणी वाचते. आणि आपल्या पुष्कळ गावी उन्हाळ्यात दोन बादल्यांचे मोल काय, हे सांगावयास नको.

ज्या मुली कुरळे केस सरळ करून घेऊ इच्छितात त्यांना दोष देण्याचा हेतू येथे नाही. केस आपले, निवडही आपलीच. परंतु ती निवड पूर्ण माहितीने व्हावी आणि 'तुझे केस विचित्र दिसतात' या टोमण्याच्या धाकाने होऊ नये. हे काम घरातल्या मोठ्यांचे आहे. आईने, आजीने, शाळेतल्या बाईंनी कुरळ्या केसांच्या मुलीला 'केस नीट कर' असे म्हणण्यापूर्वी ते नीट कसे ठेवावयाचे हे शिकविले, तर पुष्कळ अश्रू वाचतील.

गेल्या श्रावणात माझी भाची घरी आली होती. सरळ केलेल्या केसांचा शेवटचा इंचभर भाग आईनेच कात्रीने कापून टाकला. बाहेर पावसाची सर चालली होती, आणि तिचे केस नेहमीप्रमाणे थोडे फुलले होते. आरशासमोर उभी राहून ती म्हणाली, "आजी, आज मी माझ्यासारखी दिसते." आईने काही उत्तर दिले नाही, जवसाचे पातेले चुलीवरून उतरवून ते गरम असतानाच गाळावयास घेतले.